कार्डची मेमरी ४ केबीच्या पेजमध्येच मॅप होतेय? ह्यूज पेज लागत नसताना करायच्या तपासण्या

पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये एफपीजीए (सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप) किंवा जीपीयू कार्ड बसवलंय आणि त्यावर काही जीबी मेमरी आहे. ती मेमरी एममॅप करून (म्हणजे प्रोग्रॅमच्या पत्त्यांना जोडून) थेट आपल्या प्रोग्रॅममध्ये आणायची आहे. मॅपिंग होतं, डेटाही बरोबर येतो, पण ह्यूज पेज काही केल्या लागत नाही. (पेज म्हणजे मेमरी ज्या तुकड्यांनी जोडली जाते तो तुकडा. साधं पेज ४ केबीचं, ह्यूज पेज २ एमबीचं किंवा १ जीबीचं.) हा दोष मी इतक्या मशिनांवर सोडवलाय की आता कुठून सुरुवात करायची याचा क्रम पाठ झालाय. तोच क्रम इथं देतोय. सगळं लिनक्सबद्दल आणि मुख्यतः ६४ बिट एक्स८६ मशिनांबद्दल आहे. कमांड, फाइली आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे एममॅपला मॅप-ह्यूजटीएलबी हा फ्लॅग दिला की कॉल तिथल्या तिथं ईइन्व्हॅल (‘चुकीचं आर्ग्युमेंट’ ही त्रुटी) देऊन परत येतो. फ्लॅग काढला की चालतो.

दुसरं जरा उशिरा लक्षात येतं. प्रोग्रॅम सुरू होताना किंवा बंद होताना काही काळ अडकल्यासारखा वाटतो. बार जितका मोठा, तितका हा काळ लांबतो. (बार म्हणजे बेस अ‍ॅड्रेस रजिस्टर. कार्ड आपली मेमरी सीपीयूच्या पत्त्यांमध्ये ज्या खिडकीतून उघडतं, ती खिडकी.) तेच कार्ड व्हर्च्युअल मशिनला पासथ्रू केलं, म्हणजे थेट सोपवलं असेल तर ते मशिन बूट व्हायला वेळ घेतं.

तिसरं, एसमॅप्स फाइल (प्रोसेसच्या मॅपिंगांची यादी) उघडली की त्या मॅपिंगसमोर कर्नल पेज साइझ ४ केबी दिसतं आणि माणूस खचतो. थांबा, यावर लगेच विश्वास ठेवू नका. त्याचं कारण पहिल्याच तपासणीत आहे.

याशिवाय दोन लक्षणं अशी आहेत, की ती ह्यूज पेजची वाटतात पण बहुतेक वेळा नसतात. एक, मॅपिंगला पहिला स्पर्श करताच प्रोग्रॅम सिगबस या सिग्नलने मरतो. दोन, जिथून वाचावं तिथून हेक्समधले सगळे एफच येतात.

आधी मोजमाप बरोबर आहे का ते पाहा

याला ना पैसा लागतो ना रीबूट. डिव्हाइसच्या मेमरीमागे कर्नलची नेहमीची स्ट्रक्ट पेज (रॅमच्या प्रत्येक पेजसाठी ठेवलेली नोंद) नसते, तिचं मॅपिंग पीएफएनमॅप प्रकारचं, म्हणजे नुसत्या भौतिक पेज क्रमांकांवरचं असतं. त्यामुळे एसमॅप्समध्ये तिचा आरएसएस (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेला भाग) शून्य दिसतो. कर्नल पेज साइझची ओळ प्रत्यक्षात लागलेली पेज मोजत नाही, व्हीएमएच्या (एका सलग मॅपिंगच्या कर्नलमधल्या नोंदीच्या) प्रकारावरून आकडा सांगते. म्हणजे खाली २ एमबीची पेज व्यवस्थित लागलेली असली तरी व्हीएफआयओ या, कार्ड थेट यूजर प्रोग्रॅमच्या हाती देणाऱ्या ड्रायव्हरच्या मॅपिंगसमोर ४ केबीच छापलं जातं. या एका ओळीपायी दोन-दोन दिवस घालवलेली माणसं मला माहीत आहेत. मेमइन्फोमधले ह्यूजपेजेस टोटल वगैरे आकडे रॅममधल्या राखीव पेजचे असतात, त्यांचा कार्डाच्या मेमरीशी संबंध नाही.

खरं उत्तर प्रोसेसच्या स्टेटस फाइलीत असतं. व्हीएमपीटीई नावाची ओळ पाहा. त्या प्रोसेससाठी पेज टेबलं (व्हर्च्युअल पत्त्यावरून भौतिक पत्ता सांगणारे तक्ते) किती मेमरी खातायत, ते ती सांगते. १६ जीबीचा बार ४ केबीच्या पेजने मॅप केला तर ४१,९४,३०४ नोंदी लागतात. प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे ३२ एमबी. २ एमबीच्या पेजने तोच बार मॅप केला तर ८,१९२ नोंदी, म्हणजे ६४ केबी. फरक इतका मोठा आहे की चुकायला वाव नाही. एक पथ्य पाळा. मॅपिंग फॉल्टवर, म्हणजे पत्त्याला पहिला स्पर्श झाल्यावर भरलं जात असेल, तर आकडा पाहण्याआधी प्रत्येक २ एमबीच्या तुकड्यातला एक शब्द वाचून घ्या. तेवढ्या वाचनाने ४ केबीच्या मॅपिंगमध्येही दर तुकड्याला पेज टेबलाचं एक आख्खं पेज लागतं, त्यामुळे फरक लपत नाही. ज्या रजिस्टरमधून नुसतं वाचलं तरी कार्डाची अवस्था बदलते, ती मात्र यातून वगळा.

ह्यूज पेज लागलं तर फायदा होणार आहे का?

हा प्रश्न मी मुद्दाम वर आणलाय, कारण याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं सगळं काम वाचतं. कार्डावरच्या मेमरीतून सीपीयूने केलेलं अनकॅश्ड वाचन पीसीआय एक्सप्रेसवरून जाऊन परत येतं. एका वाचनाला सुमारे एक मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ जातो. टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराची सीपीयूतली कॅश) मिस त्यापुढे किरकोळ आहे. वाचन संथ आहे म्हणून ह्यूज पेज शोधत असाल तर वाट चुकलीय, त्यासाठी कार्डाचं डीएमए (कार्डाने स्वतःच रॅमशी डेटाची देवघेव करणं) वापरा आणि डेटा रॅममध्ये आणून वाचा.

ह्यूज पेजचा खरा उपयोग वेगळा आहे. मोठा बार मॅप करायला आणि सोडायला लागणारा वेळ कमी होतो, लाखो पेज फॉल्ट वाचतात, पेज टेबलांची मेमरी वाचते. राइट-कंबाइनिंगने (छोटी लेखनं एकत्र करून) मोठ्या पट्ट्यात लिहीत असाल किंवा सीएक्सएल (पीसीआय एक्सप्रेसच्या तारांवरून जोडलेली) अथवा पर्सिस्टंट (वीज गेली तरी टिकणारी) मेमरीसारखी कॅश होणारी मेमरी असेल, तर टीएलबीचा फायदाही जाणवतो.

फ्लॅगची चूक

मॅप-ह्यूजटीएलबी हा फ्लॅग फक्त अनामिक (मागे फाइल नसलेल्या) मॅपिंगसाठी आणि ह्यूजटीएलबीएफएस या राखीव ह्यूज पेजच्या फाइल सिस्टिममधल्या फाइलींसाठी आहे. दुसऱ्या कुठल्याही फाइलीवर, म्हणजे डिव्हाइस फाइलीवरसुद्धा, कर्नल तो पाहताच ईइन्व्हॅल देतं. ड्रायव्हरपर्यंत कॉल पोचतच नाही, म्हणून ड्रायव्हरमध्ये प्रिंट टाकत बसण्यात अर्थ नाही. फ्लॅग काढा. मॅपिंग मॅप-शेअर्ड आहे ना तेही पाहून घ्या. व्हीएफआयओ आणि डिव्हाइस डॅक्स (मेमरी थेट मॅप करू देणारी डिव्हाइस फाइल, हिच्याबद्दल पुढे) दोघंही मॅप-प्रायव्हेट नाकारतात.

कर्नल कोणतं आणि कसं बांधलेलं?

यूनेम चालवा, ते कर्नलची आवृत्ती सांगतं. डिव्हाइसच्या पीएफएनमॅपसाठी ह्यूज पेजचा मुख्य आधार ६.१२ या आवृत्तीत आला, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्याच आवृत्तीत व्हीएफआयओ पीसीआय ड्रायव्हरलाही ह्यूज फॉल्टची सोय मिळाली. त्याआधीच्या मूळ कर्नलवर व्हीएफआयओकडून २ एमबीची अपेक्षा ठेवू नका. डिस्ट्रोवाले जुन्या आकड्याच्या कर्नलमध्ये नवे बदल आणतात, त्यामुळे नुसत्या आवृत्तीवरून निकाल देऊ नका, व्हीएमपीटीई पाहूनच ठरवा.

मग कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ट्रान्सपरंट ह्यूजपेज (कर्नलने आपणहून ह्यूज पेज लावायची सोय) चालू आहे का ते बघा. इथं डेटा अ‍ॅक्विझिशन करणारे हमखास अडकतात, कारण ते रिअल-टाइम कर्नल वापरतात आणि त्यासाठीचा प्रीएम्प्ट-आरटी हा पर्याय चालू केला की ट्रान्सपरंट ह्यूजपेज बांधणीतूनच बाद होतं. मग बाकी सगळं कितीही बरोबर असलं तरी काही होणार नाही. तुम्हाला रिअल-टाइम हवंय की ह्यूज पेज, हे आधी ठरवा.

ते चालू असेल तर सिस्टिममधली त्याची एनेबल्ड सेटिंग पाहा. ती नेव्हर असेल तर डिव्हाइसच्या मॅपिंगलाही ह्यूज फॉल्टची वाट बंद होऊ शकते. मॅडव्हाइज असेल तर मॅपिंगवर मॅडव्हाइज कॉल करून ह्यूजपेजची सूचना द्या. मी चाचणीपुरती सेटिंग ऑलवेजवर नेतो आणि व्हीएमपीटीई बदलतो का ते पाहतो. एक मिनिटाचं काम आहे आणि एक शक्यता कायमची निकालात निघते.

तुम्ही कोणत्या दारातून आत गेलात?

माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सर्वाधिक दोष इथं सापडले. कार्डाची मेमरी यूजर स्पेसमध्ये आणायला चार-पाच दारं आहेत आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. फाइल उघडा, एममॅप करा, पॉइंटर घ्या.

डेव्ह-मेम (भौतिक मेमरीची फाइल), सिसएफएसमधल्या रिसोर्स शून्य, रिसोर्स एक अशा एकेका बारच्या फाइली आणि यूआयओ (यूजर स्पेसमधल्या ड्रायव्हरांसाठीची साधी सोय), ही तिन्ही दारं आतून रीमॅप-पीएफएन-रेंज कुटुंबातल्या फंक्शनांकडे जातात. ती फंक्शनं यूजरच्या पेज टेबलात एकेक ४ केबीची नोंद भरत जातात. पत्ता कितीही सुबक असला, सेटिंग कोणतीही असली, तरी तिथून २ एमबी मिळत नाही. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये असेल तर डेव्ह-मेम आणि रिसोर्स फाइली मुळात मॅपच करू देत नाहीत, ईपर्म (‘परवानगी नाही’ ही त्रुटी) येतो. तो वेगळा विषय.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट. ड्रायव्हरमधलं आयओरीमॅप मोठी पेज वापरू शकतं, आणि ‘आमचा ड्रायव्हर तर २ एमबीनेच मॅप करतो’ असं लोक खात्रीने सांगतात. ते खरं असतं, पण ते मॅपिंग कर्नलच्या स्वतःच्या पत्त्यांमधलं. तुमच्या प्रोसेसची पेज टेबलं वेगळी.

ह्यूज पेज देणारी दारं दोन. पीसीआय कार्डासाठी नवं व्हीएफआयओ. त्याला आयओएमएमयू (डिव्हाइसने वापरलेले पत्ते भाषांतरित करून तपासणारं हार्डवेअर) चालू लागतं, आणि कार्ड व्हीएफआयओला बांधलं की त्याचा मूळ ड्रायव्हर सुटतो, हे आधी ध्यानात घ्या. दुसरं दार म्हणजे डिव्हाइस डॅक्स. ते ४.७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे आणि पर्सिस्टंट मेमरी, सीएक्सएल मेमरी किंवा बूटच्या वेळी बाजूला काढलेली रॅम यांसाठी उत्तम चालतं.

बाजूला काढलेल्या रॅमबद्दल दोन शब्द, कारण यातही माणसं फसतात. कर्नलच्या मेममॅप या बूट पॅरामीटरमध्ये डॉलरचं चिन्ह दिलं की तो भाग नुसता राखीव होतो आणि तो मॅप करायला पुन्हा डेव्ह-मेमकडेच यावं लागतं. शिवाय ग्रब हा बूटलोडर ते चिन्ह व्हेरिएबल समजून गिळतो, म्हणून प्रॉक-सीएमडीलाइन (कर्नलला मिळालेली कमांड लाइन) उघडून चिन्ह शेवटपर्यंत पोचलंय का ते डोळ्यांनी बघा. उद्गारचिन्ह दिलं तर तोच भाग पर्सिस्टंट मेमरी म्हणून दिसतो. मग एनडीसीटीएल या कमांडने डेव्हडॅक्स (म्हणजेच डिव्हाइस डॅक्स) प्रकारची नेमस्पेस बनवता येते आणि अलाइनमेंट (पत्ता कोणत्या आकाराच्या पटीत हवा ते) २ एमबी ठरवता येते. डॅक्सचा एक चांगला गुण सांगतो. अलाइनमेंट चुकली तर तो गुपचूप ४ केबीवर उतरत नाही, सरळ एममॅप नाकारतो आणि डीमेसेगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘अनअलाइन्ड व्हीएमए’ असं लिहून ठेवतो.

बार पुरेसा मोठा आहे का, आणि त्याला जागा मिळालीय का?

एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड) दोन व्ही देऊन चालवा आणि रीजनच्या ओळी वाचा. पीसीआयमध्ये बारचा आकार दोनच्या घातात असतो आणि तो आपल्या आकाराच्याच पटीत बसतो. म्हणून २ एमबी किंवा त्याहून मोठा बार भौतिक बाजूने आपोआप अलाइन असतो. ६४ केबीच्या किंवा १ एमबीच्या रजिस्टर बारला ह्यूज पेज लागूच शकत नाही. त्याला त्याची गरजही नसते.

साइझ अपेक्षेपेक्षा फार कमी दिसला, उदाहरणार्थ १६ जीबीच्या कार्डावर २५६ एमबी, तर बायोसमध्ये अबव्ह-४जी-डिकोडिंग आणि रिसाइझेबल बार चालू आहेत का ते पाहा. पत्त्याच्या जागी अनअसाइन्ड दिसलं किंवा डीमेसेगमध्ये त्या बारसाठी ‘नो स्पेस’ असं आलं, तर बायोसने जागाच दिलेली नाही. कर्नलला पीसीआय-रीअलॉक देऊन एकदा बघावं. तेवढ्यावर झालं नाही तर पुढचं काम मदरबोर्डवाल्याचं आहे.

यंत्र आर्मचं असेल तर बेस पेजचा आकार विचारा. ४ केबीच्या बेसवर मोठं पेज २ एमबीचंच असतं, पण १६ केबीवर ते ३२ एमबीचं होतं आणि ६४ केबीवर थेट ५१२ एमबीचं. २५६ एमबीचा बार तिथं कधीच बसणार नाही.

दोन्ही पत्ते एका रांगेत आहेत का?

दार बरोबर, कर्नल नवं, बार मोठा, तरीही व्हीएमपीटीई ३२ एमबी. असं झालं की मी दुसरं काही न पाहता एममॅपने दिलेला पत्ता छापून घेतो.

२ एमबीचं पेज लागायचं तर भौतिक पत्ता आणि व्हर्च्युअल पत्ता, दोघांनाही २ एमबीने भागल्यावर बाकी सारखीच उरली पाहिजे. एकच नोंद आख्खा २ एमबीचा तुकडा झाकते आणि पत्त्याचे खालचे २१ बिट जसेच्या तसे पलीकडे जातात, त्यामुळे इथं तडजोड होत नाही. बार भौतिक बाजूने अलाइन असतो. व्हर्च्युअल बाजू मात्र एममॅप मोकळी जागा सापडेल तिथं देतो, आणि त्याला फक्त ४ केबीच्या अलाइनमेंटची फिकीर असते. ५१२ जागांपैकी एकच बरोबर, म्हणजे नशिबावर सोडायची ही गोष्ट नाही.

गेल्या पावसाळ्यात एका एफपीजीए कार्डावर हेच झालं. बार १६ जीबीचा. प्रोग्रॅम चालवला की कधी व्हीएमपीटीई शे-दोनशे केबी, कधी ३२ एमबीच्या वर. कोड तोच, मशिन तेच. टीमने कार्ड सदोष म्हणून परत पाठवायचं ठरवलं होतं. मी पॉइंटर छापायची एक ओळ टाकून प्रोग्रॅम लागोपाठ चालवला. वाईट धावेतल्या पत्त्याचे शेवटचे सहा हेक्स अंक होते ३ई५०००. चांगल्या धावेत शेवटचे पाच अंक शून्य आणि सहावा सम. नजरेने ओळखायची खूण हीच. त्या वाईट पत्त्याला पुढच्या २ एमबीच्या सीमेपर्यंत २७ पेज, म्हणजे १०८ केबी सरकायला हवं होतं. प्रोसेसच्या पत्त्यांची जागा कर्नल दर वेळी थोडी हलवतं, म्हणून दोष येत-जात होता. कार्ड अगदी ठणठणीत होतं आणि आजही चालतंय.

उपाय असा. आधी बारच्या आकारापेक्षा २ एमबी जास्त जागा अनामिक आणि प्रॉट-नन (वाचायला-लिहायला बंद) ठेवून एममॅपने अडवा. मिळालेला पत्ता वरच्या २ एमबीच्या सीमेपर्यंत न्या. मग त्या पत्त्यावर मॅप-फिक्स्ड देऊन डिव्हाइसची फाइल मॅप करा, आणि उरलेली टोकं सोडून द्या. मॅप-फिक्स्ड खाली जे असेल ते न विचारता पुसतो, म्हणून तो स्वतः अडवलेल्या जागेतच वापरा, अंदाजाने निवडलेल्या पत्त्यावर कधीही नाही. १ जीबीची पेज हवी असतील तर सीमा १ जीबीची धरा आणि जागाही १ जीबी जास्त अडवा.

बारच्या मधूनच मॅप करत असाल, समजा ऑफसेट ६४ केबी, तर व्हर्च्युअल पत्ताही सीमेपासून ६४ केबी पुढे हवा. ज्यांनी नुसतं गोल पत्त्यावर अलाइन केलं त्यांना इथं अपयश येतं. त्यापेक्षा पूर्ण बार मॅप करून आत ऑफसेट धरणं सोपं.

सिगबस आणि एफची रांग

व्हीएफआयओमध्ये सिगबस आला की एलएसपीसीआयमधली कंट्रोलची ओळ बघा. मेमच्या पुढे वजाचं चिन्ह असेल तर कार्डाने मेमरीला उत्तर देणं बंद केलेलं आहे आणि फॉल्ट हँडलर मुद्दाम सिगबस देतो. रीसेटनंतर हे हमखास होतं. तो बिट परत चालू केला की झालं. सगळीकडून एफ येत असतील तर कार्ड बसवरून गायब झालंय किंवा डी३ अवस्थेत झोपलंय. पेजच्या आकाराचा यात दोष नाही.

आर्मवर डिव्हाइस प्रकारच्या मेमरीवर साधा मेमसेट किंवा मेमकॉपी चालवला तरी अलाइनमेंटमुळे सिगबस येतो. तिथं शब्दाशब्दाने लिहा.

कॅशचा प्रकार

एकाच बारचं एक मॅपिंग अनकॅश्ड आणि दुसरं राइट-कंबाइनिंग मागितलं की एक्स८६ वर पॅट (प्रत्येक पेजचा कॅशचा प्रकार सांभाळणारी व्यवस्था) अडवतं. डीमेसेगमध्ये ‘कॉन्फ्लिक्टिंग मेमरी टाइप्स’ अशी ओळ येते. दुसरा कुठला प्रोग्रॅम किंवा मूळ ड्रायव्हर ते बार धरून बसलाय का ते शोधा आणि एकच प्रकार ठेवा.

ड्रायव्हर तुमचाच असेल तर

इथून पुढे काम अवघड आहे. ड्रायव्हरच्या व्हीएम ऑपरेशन्समध्ये ह्यूज-फॉल्ट हे फंक्शन द्यावं लागतं. कर्नल त्याला ऑर्डर (तुकड्यात ४ केबीची किती पेज, तो दोनचा घात) देतं, २ एमबीसाठी ९ आणि १ जीबीसाठी १८. पत्ता आणि पीएफएन (भौतिक पेजचा क्रमांक) दोन्ही त्या ऑर्डरला अलाइन आहेत आणि तुकडा व्हीएमएच्या आत मावतो, हे तपासून व्हीएमएफ-इन्सर्ट-पीएफएन-पीएमडी किंवा त्याचा पीयूडीवाला भाऊ बोलवायचा. (पीएमडी ही पेज टेबलातली २ एमबीच्या नोंदीची पातळी, पीयूडी १ जीबीच्या.) नाही जमलं तर फॉलबॅक परत करायचा, म्हणजे कर्नल खालच्या आकारावर येतं. एममॅपच्या वेळीच रीमॅप-पीएफएन-रेंजने सगळं भरून ठेवलं असेल तर ते काढा, कारण मग फॉल्ट येतच नाही.

हे ६.१२ किंवा पुढच्या कर्नलवरच करा, असं मी आग्रहाने सांगतो. जुन्या कर्नलमध्ये पीएमडी आणि पीयूडीच्या नोंदींवर ‘ही साधी रॅम नाही’ असं सांगणारा स्पेशल बिट नव्हता. त्यामुळे गेट-यूजर-पेजेस या, यूजरची पेज आयओसाठी धरून ठेवणाऱ्या फंक्शनाच्या जलद वाटेला अशी नोंद दिसली की ती तिला नेहमीच्या ह्यूज पेजसारखीच धरायची आणि अस्तित्वात नसलेल्या स्ट्रक्ट पेजला हात घालायची. ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या टीटीएम या मेमरी मॅनेजरमधून ह्यूज पेजचा कोड याच कारणाने काढून टाकावा लागला होता. स्वतःच्या हाताने पीएमडी भरणारे जुने ड्रायव्हर आजही काही ठिकाणी चालतायत. ते चालतात, कारण तोवर कोणी त्या पत्त्यावर डायरेक्ट आयओ केलेलं नसतं.

कुठं थांबायचं

डीमेसेगमध्ये ‘बॅड पीएमडी’ दिसलं किंवा कर्नल ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक) झालं, तर त्याच क्षणी प्रयोग थांबवा. पेज टेबलं बिघडलेली असताना चालू राहिलेलं मशिन दुसऱ्या प्रोसेसचा डेटा खराब करू शकतं. डीमेसेग जपून ठेवा, रीबूट करा आणि ड्रायव्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे जा.

एईआरच्या (पीसीआय एक्सप्रेसच्या त्रुटी नोंदवणाऱ्या सोयीच्या) अनकरेक्टेड त्रुटी, कम्प्लिशन टाइमआउट किंवा मशिन चेक दिसला तर प्रश्न हार्डवेअरचा आहे. कार्ड एकदा काढून नीट बसवा, शक्य असेल तर स्लॉट बदला. तरीही आलं तर कार्ड बनवणाऱ्यांच्या सपोर्ट इंजिनिअरला बोलवा. बायोसच्या सेटिंग करूनही बारला जागा मिळत नसेल तर बोर्डवाल्याला विचारा, त्याच्याशिवाय ते कोणी दुरुस्त करू शकत नाही.

आणि यातलं काहीही दुसऱ्यांचं काम चालू असलेल्या सर्व्हरवर करू नका. कार्ड व्हीएफआयओला बांधायचं किंवा बूट पॅरामीटर बदलायचा असेल तर सिस्टिम अ‍ॅडमिनशी बोलून वेळ ठरवून घ्या. त्यांना देताना एलएसपीसीआयचं पूर्ण आउटपुट, यूनेम, कर्नलची कमांड लाइन, छापलेला पॉइंटर आणि व्हीएमपीटीईचा आकडा सोबत द्या. एवढं हातात असलं की समोरच्याला पहिल्या सहा तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.